आत्याची गच्ची मी खोडणार नाही

ती. युएश्या आत्यास,

शिउपिंगचा वाकून नमस्कार. (आमच्या नकाशाच्या कचेरीतून आलेल्या पत्रात मी तुला 'आपण' आणि 'घरमालक' म्हटलं होतं. ते तू न वाचताच फाडलंस असं कळलं, म्हणून हे पत्र घरचं.) खोकला कसा आहे? कीलुंगच्या भिंतींना ओल धरायचे दिवस आहेत, आल्याचा काढा घेत जा. इकडे सगळे ठीक. बाबांचा रक्तदाब तुझा फोन येण्याआधी एकशे तीस होता, नंतरचा मोजायला त्यांनी साफ नकार दिला.

त्या फोनवर तू बाबांना म्हणालीस की पोरीने एक बटण दाबायचं आणि माझी गच्चीवरची पत्र्याची खोली नकाशातून घालवायची, त्यात काय एवढं. तर आत्या, त्यात काय एवढं ते आता सांगते. पूर्वी नकाशात घर म्हणजे नुसता चौकोन असे, गच्चीवर कोणी हत्ती बांधला तरी कळायचं नाही. आता गावाचा नकाशा उभा करायचाय. आधी चौकोन काढायचा, मग तो धरून वर ओढायचा, उंचीचा आकडा घालायचा, आणि मग छपराचा एकेक कोपरा पकडून जागेवर बसवायचा. एक कोपरा चुकला की घर लकवा झाल्यासारखं दिसतं. बरं, आपल्या गावात बांधलं तसं छप्पर कोणी ठेवलंय का? गच्चीवर टाकी, टाकीशेजारी पत्र्याची खोली, खोलीवर ऑर्किडच्या कुंड्या आणि कुंड्यांवर पुन्हा पत्रा. एका घराचे बावीस कोपरे मी दोन दिवस ओढत होते, आणि तिसऱ्या दिवशी पाहणीला गेले तर मालक तेविसावा ठोकत होता. आमच्या साहेब फांगबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या की जे आहे ते काढा, जे असायला हवं होतं ते काढू नका. हे वाक्य मी माझ्या संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवलंय.

आता तू म्हणशील, एवढी सत्यवादी तू, मग भूमीदेवाचं काय केलंस? (गल्लीभर झालंय, तुझ्यापासून लपलेलं नसणारच.) तर तेही माझ्याच तोंडून ऐक. टेकडीवरचं भूमीदेवाचं देऊळ तुला माहीतच आहे, माणूस आत वाकून जातो एवढंसं. टेकडी समुद्रापासून एकतीस मीटर वर. ती उंची आकड्यात आधीच धरलेली होती आणि मी शहाणीने ती पुन्हा मिळवली. म्हणजे देऊळ टेकडीच्या वर आणखी एकतीस मीटर, अधांतरी. भूमीचा देव आणि त्याच्याच पायाखाली भूमी नाही. घाईघाईत दुरुस्त करायला गेले तर वजाबाकी दोनदा झाली आणि देव तेवढाच जमिनीखाली गेला, म्हणून घाबरून पुन्हा वर आणून ठेवला. नेमका त्याच दिवशी, लोकांनी आपापली घरं तपासावीत म्हणून, नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला.

मला वाटलं, देवस्थानाचे पंच काठ्या घेऊन येतील. आले ते अननसाच्या वड्यांचे चार डबे घेऊन. पंचांचे प्रमुख ल्याओ, तेच ते माशांचे गोळे विकणारे, म्हणाले की देव आपणहून वर गेलाय. नकाशात देव आकाशात दिसल्यापासून लॉटरीचे आकडे मागायला थेट तैपेईहून माणसं येताहेत, तेव्हा त्याला तिथेच राहू द्यावं. मी म्हटलं, खाली आणणार. ते म्हणाले, देवाला न विचारता? यावर फांगबाई मला म्हणाल्या, आधी विचारून ये. (त्या निवडणुकीतल्या कोणालाही घाबरत नाहीत, पण कौलाला घाबरतात.) शेवटी सरकारी कामाच्या वेळेत, सरकारी छत्री घेऊन मी देवळात गेले आणि कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेऊन जमिनीवर टाकल्या. विचारलं, वर राहणार का? दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. मग विचारलं, जमिनीवर येणार का? एक उलटी, एक सुलटी. होकार. लागतात तसे ओळीने तीन होकार आले, तेव्हा ल्याओंचा चेहरा शिळ्या गोळ्यासारखा झाला. त्याच दुपारी मी देव टेकडीवर टेकवला. वड्या कचेरीने खाल्ल्या, मी हात लावला नाही.

म्हणून आत्या, तू जे बाबांना सांगितलंस की तूही कौल लावलास आणि देव म्हणाला खोली खोडा, ते मी मान्य करणार नाही. किती वेळा लावलास ते तू सांगितलं नाहीस. मी तुला ओळखते, होकार येईपर्यंत लावला असशील.

खोली मी का खोडणार नाही तेही ऐक. मागच्या हिवाळ्यात आपल्या मागच्या गल्लीत शेवयांच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावरची तिघं गच्चीवर पळाली, शेजारच्या गच्चीवर जाऊ म्हणून, आणि समोर पत्र्याची भिंत. बंबवाल्यांच्या नकाशात ती गच्ची मोकळी होती, त्यांनी शिडी त्याच बाजूला लावली. माणसं वाचली, पण ती शेवटच्या क्षणी वारा फिरला म्हणून. हा नकाशा त्यासाठी चाललाय. तुला वाटतं, नकाशात आलं की पाडायची नोटीस आली. तुझी भीती खोटी नाही. म्हणून मी जुने विमानातून काढलेले फोटो उपसले. मी तिसरीत होते त्या वर्षीच्या फोटोत तुझ्या खोलीचा निळा पत्रा स्पष्ट दिसतो. म्हणजे खोली जुन्या बांधकामांच्या यादीत जाते, आणि जुन्या यादीतल्याला लगेच कोणी हात लावत नाही. पण आतोबांचं कबुतरांचं खुराडं त्या फोटोत निम्मंच आहे. कबुतरं ते गेल्यावर विकलीस, आणि तीन वर्षांपूर्वी त्या खुराड्यावर मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यासाठी आणखी एक मजला चढवलास. तो बरोबर शेजारच्या गच्चीवर जायच्या वाटेत आहे. तो राहणार नाही. रविवारी मी पाना आणि हातोडी घेऊन येतेय. तू दार लावून बसलीस तर शेजारच्या गच्चीवरून येईन, आणि मग तूच पाहशील की येता येत नाही.

बरण्या तेवढ्या आधी हलवून ठेव. फोडल्याचा आळ मला नको.

प्रकृतीला जप. फोन बाबांना न करता मला कर, माझा रक्तदाब चांगला आहे.

तुझी भाची,
शिउपिंग

ता. क. सोबत एक कागद आहे, तो फाडू नकोस. खरं तर हे सगळं पत्र त्या कागदासाठीच आहे. तुझ्या घराच्या कागदपत्रांत ती पत्र्याची खोली 'अडगळीची जागा' आहे. तू जगाला सांगतेस की मी दुसऱ्या मजल्यावर झोपते. दुसऱ्या मजल्यावर तुझ्या दोन भाडेकरू नर्स झोपतात, हे मी मोजून आलेय. बंबवाले अडगळीत माणूस शोधायला सगळ्यांत शेवटी जातात. तू वर झोपतेस एवढंच त्या कागदावर लिहून सही कर.

ता. क. २. एक कबुली. गुरुवारी, तुझा फोन झाल्यावर, मी खोली खोडली होती. एकच बटण, तू म्हणालीस तसंच. गच्ची इतकी स्वच्छ दिसली की फांगबाईंनाही पत्ता लागला नसता. मग मी जिना वर चढत गेलेला पाहिला, तो चौथ्या मजल्यानंतर मोकळ्या आभाळात संपत होता, आणि मला वाटलं, मग माझी आत्या आहे कुठे? मी तिथेच रडले, आणि खोली कोपऱ्याकोपऱ्याने परत बांधली.

ता. क. ३. प्रत्येक घराला शेऱ्याचा एक रकाना असतो, बंब निघाला की पहिल्यांदा तोच वाचतात. बहुतेक घरांचा रिकामा आहे. तुझ्यात मी लिहिलंय. सही आली की शेरा पक्का होईल, म्हणून शब्दांवरून भांडू नकोस, 'म्हातारी' हा शब्दही तसाच राहू दे: "सगळ्यांत वर, पत्र्याच्या खोलीत, एक म्हातारी एकटी झोपते. हाकेला ओ देणार नाही, लपून बसेल. आत जाऊन तिला आधी काढा."