अठ्ठेचाळीस पत्ते, सतरा दुरुस्त्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त खुर्चीत बसूनच घातला आहे, पण पुरा धरावा). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला की अजून शेजाऱ्यांना त्रास देतो? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. दुकानही ठीक. लोकांच्या शिलाई मशिनी वेळच्या वेळी बिघडतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. चार महिन्यांपासून तुझ्याकडे राहायला आलेली माझी मुलगी कशी आहे, हे मी विचारत नाही. ती माझ्याशी बोलत नाही, आणि शेवटी मलाही काही मान आहे. (नीट जेवते ना?)

आता मुख्य बातमी. ताई, तुझा भाऊ टॅरो शिकला! हसू नकोस. टॅरो म्हणजे भविष्य सांगायचे पत्ते. जगातल्या इतर संचांत राजे, राण्या, सूर्य, चंद्र, बुरूज असली थोर मंडळी असतात. तुझ्या भाचीनं हातानं रंगवलेल्या संचात यातलं एकही नाही. अठ्ठेचाळीस पत्ते, आणि सगळे माझ्या दुकानातले! तुटलेला पट्टा, तेलाची बुधली, रिकामी बॉबिन, गंजलेला स्क्रू, अडकलेला ड्रॉवर. एका पत्त्यावर तर माझं स्टूल आहे, डुगडुगू नये म्हणून पायाखाली घातलेल्या पुठ्ठ्याच्या घडीसकट. असला संच वाचायला शिकवणारा गुरू कुठे मिळणार? मी माझाच गुरू झालो आणि माझाच पहिला नंबर आला.

भांडणाची हकिगत तुला तिच्या बाजूनं कळलीच असेल. आता माझ्या बाजूनं ऐक. दोष तरीही माझाच निघतो, पण मी तो जास्त बारकाव्यानं सांगू शकतो. वर्षभर खपून तिनं संच पुरा केला, माझ्या कामाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, जरा बघता का?" आता तूच सांग, चाळीस वर्षं त्या टेबलावर जे जे आलं ते बिघडलेलंच आलं. मी बघितलं. सुईची चपटी बाजू उलटीकडे, पट्टा तिरका, दोरा ज्या फटीतून जायला हवा तिला वळसा घालून गेलेला. सतरा चुका! मी लाल बॉलपेन घेतला आणि एकूणएक दुरुस्त केल्या. वेगळ्या कागदावर नव्हे ताई, पत्त्यांवरच. बाण काढले, योग्य भाग शेजारी रेखाटले, आणि शेवटच्या पत्त्यावर सही-तारखेनिशी लिहिलं, 'तपासले. दुरुस्त करून पुन्हा आणणे.' पोरीनं ते पाहिलं, पत्ते तिथेच ठेवले आणि पिशवी भरून तुझ्याकडे आली. मला तर वाटत होतं ती आभार मानेल.

आठवडाभर मी त्या पत्त्यांकडे रागानं पाहिलं, दुसऱ्या आठवड्यात नुसतं पाहिलं, आणि तिसऱ्या आठवड्यात वाचनालयात जाऊन टॅरोचं जाडजूड पुस्तक आणलं. (ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून दोनदा खात्री करून घेतली.) त्यात राणी उलटी आली तर काय, हे सविस्तर होतं, तेलाची बुधली उलटी आली तर काय, याचा पत्ता नाही. (माझ्या मते फरशी पुसावी लागते.) मग मी आपली पद्धत काढली. ओळखीची नसलेली मशीन आली, सोबत माहितीपुस्तिका नसली, की आपण काय करतो? ती चालवणाऱ्याला बोलतं करतो. म्हणून मी नियम केला, जो मशीन घेऊन येईल त्यानं आधी एक पत्ता काढायचा आणि तो बघून काय वाटतं ते सांगायचं. मी वहीत लिहून घेणार.

पहिले आले कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. त्यांना तुटलेला पट्टा आला. मी गंभीर आवाजात भविष्य सांगितलं, की लवकरच तुमच्या मशीनचा पट्टा तुटेल. मास्तर भडकले, कारण पट्टा गेल्याच आठवड्यात मीच नवा घातला होता. पण पत्ता काही खाली ठेवीनात. मग स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पाय हलतायत, चाक फिरतंय, पण वर सुई जागची हलत नाही. माझं नि भावाचं असंच झालंय हो." नंतर अर्धा तास बोलत होते आणि उठताना माझे आभार मानून गेले. मी केलं काय होतं? गप्प बसलो होतो! (हिचं म्हणणं, हाच मोठा चमत्कार.) दवाखान्यातल्या नर्सबाईंना तेलाची बुधली आली. मी शहाणा झालो होतो, भविष्य सांगितलं नाही, फक्त विचारलं, कुठे करकरतंय? त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग मशीन विसरून गेल्या.

आता तर नुसत्या पत्त्यासाठी लोक येतात. एक गृहस्थ चांगली चालू मशीन खांद्यावर घेऊन तीन जिने उतरून आले, बिघाड विचारला तर लाजले. वही भरली, दुसरी सुरू आहे. आणि एक कबूल करतो. माझ्या सतरा दुरुस्त्यांपैकी सोळा ठिकाणी चूक नव्हतीच. दोरा फटीला वळसा घालून गेलाय, कारण तो पत्ता आहे टाळाटाळीचा! मी लाल बाण काढून त्याला मुकाट्यानं फटीत घातला होता. (सतरावी मात्र चूकच आहे. शटल तसं बसत नाही, हे मी कुणाहीपुढे सांगेन.)

मागच्या आठवड्यात हिनंही पत्ता काढला. रिकामी बॉबिन. हिला मी काही विचारलं नाही, तरी म्हणाली, वरचा दोरा चालू आहे म्हणून शिवण दिसतेय, खालच्या बॉबिनीत चार महिने दोराच नाही. आणि आत निघून गेली. ताई, मी चाळीस वर्षांत हजारो बॉबिनी भरल्या असतील, पण रिकाम्या बॉबिनीकडे बघून माणूस असं बोलेल, हे मला कधी सुचलं नसतं. ते माझ्या पोरीला सुचलं. शाळेतून आली की दुकानात फरशीवर बसून स्क्रू निवडायची, तेव्हा तिला कंटाळा येत असेल असं मला वाटायचं. ती तर सगळं बघून ठेवत होती. मला तिचा इतका अभिमान वाटतो की गिऱ्हाइकांना कंटाळा येईपर्यंत सांगतो. तिला सोडून सगळ्यांना सांगून झालंय.

रविवारी तुमच्या वाचनालयाच्या सभागृहात ती नवा संच मांडणार आहे आणि लोकांना पत्ते वाचून दाखवणार आहे, असं हिच्या फोनवरून कळलं. मला बोलावणं नाही. नसू दे. माझी काही तक्रार नाही, दुकानही बंद ठेवता येत नाही.

तुझा धाकटा.

ता. क. १: दुकान रविवारी बंदच असतं, हे तुझ्या लक्षात येईल म्हणून आधीच सांगतो.

ता. क. २: सभागृहात गर्दी झाली तर तिला दुसऱ्या टेबलावर एक अनुभवी माणूस लागेल. असा एक तुझ्या माहितीत आहे असं सहज सुचव. नाव सांगू नकोस. तो लाल पेन आणणार नाही, हे मात्र सांग.

ता. क. ३: हे पेन्सिलीनं लिहितोय, अक्षराला हसू नकोस. पत्र टाकायला निघालो होतो. जाण्याआधी म्हटलं, स्वतःसाठी एक पत्ता काढावा. उलट टाका आला. शिवण संपताना चार टाके मागे घेतले नाहीत तर सगळी उसवते, हे मी गिऱ्हाइकांना रोज शिकवतो. तसाच बसमध्ये बसलो. आता तुमच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर आहे. हे पत्र दाराखालून सरकवतो, बेल वाजवायचा धीर होत नाही. वाचून झालं की तू उठू नकोस, गुडघ्याला त्रास होईल. तिला दार उघडू दे.