पांढरी मिरी

प्रिय ताई,

तुझ्या नातवाचा फोटो मिळाला. दोनच दात आणि त्यावर केवढी ऐट! कान तेवढे तुझ्यावर गेलेत, बाकी सगळं सुनेवर गेलंय हे बरं झालं. मी ठीक आहे. रविवार आहे, धुणं वाळत घातलंय आणि मुद्दाम पत्र लिहायला बसलेय, कारण फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतेस आणि माझ्या तोंडून आपोआप हो निघून जातं.

ऑफिसात तुझ्या टेबलावर आता बदलीवर आलेले एक गृहस्थ बसतात. बोलणं इतकं गोड की सगळे त्यांना खडीसाखर म्हणतात, अर्थात पाठीमागे. तुझ्या खुर्चीवर त्यांनी घरून उशी आणून ठेवलीय. काम मात्र तेच. जहाजातून गोठवलेल्या मालाची खोकी उतरतात आणि कुठला माल दरपुस्तकातल्या कोणत्या प्रकरणात घालायचा यावरून एजंट हुज्जत घालतात, कारण प्रकरण बदललं की जकातीचा दर बदलतो. मध्ये माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिलेल्या खडीसाखरांना मी कोळंबीचा नियम समजावत होते. कवचासकट उकडली तर ती कच्च्या मासळीतच राहते, सोलून उकडली की तयार पदार्थांत जाते. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे अंगावर कपडे असतील तर शिजूनही कच्चीच का?" मला हसू आवरेना. हसता हसता तुझ्याकडे बघायला मान वळवली, तर तिथे ती उशी. अजूनही असं होतं माझं, काय करू!

चाखायची पद्धत तू घालून दिलीस तीच ठेवलीय. कच्च्या मांसाला मसाला लावलाय की नाही असा वाद आला, की तुकडा मागच्या खोलीत नुसत्या पाण्यात उकडायचा, दोघांनी चाखायचा, मत चिठ्ठीवर लिहून ती पालथी ठेवायची, आणि तोवर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आपल्या दोघींच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्याचं मला तरी आठवत नाही. साहेब म्हणायचे, या दोघींत मिळून एकच जीभ आहे. त्याचा मला फार अभिमान होता. तुलाही होता, कबूल कर.

गेल्या महिन्यात गोठवलेल्या कोंबडीचा माल आला. एजंट म्हणत होता, मसाला लावलाय, तयार पदार्थांत घाला, दर कमी पडतो. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणजे निवाडा जिभेवर. मी चाखलं आणि लिहिलं, मसाला नाही. खडीसाखरांच्या चिठ्ठीवर होतं, पांढरी मिरी, भरपूर. ताई, मी त्यांना काय काय बोलले! तुम्ही नवे आहात, एजंटाच्या बोलण्याला भुललात, असंही म्हणाले. शेवटी साहेबांनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांना असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं. एजंट सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, आज जीभ घरी विसरलात वाटतं." सगळे हसले. मीही हसले, सर्दी आहे म्हणाले. सर्दी नव्हती.

घरी येऊन मी मिठाचा डबा उघडला आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. काही नाही. अजून चिमूटभर. वाळू तोंडात धरावी तसं. मग कांदा, मग तिखट. तिखटाच्या भुकटीने डोळ्यांत पाणी आलं, जिभेला मात्र काही नाही. तेव्हा एकेक उलगडत गेलं. दुकानदार मागे हसत म्हणाला होता, "काकू, मीठ फार जातंय हल्ली, घरी पाहुणे आलेत का?" आणि मी हो म्हणाले होते. का म्हणाले कोण जाणे, छान वाटलं त्या क्षणी. म्हणजे कितीतरी दिवस मी खारट आमटी खात होते आणि मला पत्ता नव्हता. हे असते तर पहिल्याच घासाला ताट सरकवून म्हणाले असते, समुद्र उपसून आणलास का? त्यांच्या त्या नखऱ्यांवर मी जन्मभर चिडले. आता माझी जीभ गेली आणि ते मला सांगायला घरात कोणी नव्हतं. कोंबडीच्या खोक्यावरून कळलं. त्या दिवशी ओट्याशी उभी राहून मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी खडीसाखरांची माफी मागितली आणि साहेबांना खरं काय ते सांगितलं. ते मला फायलींच्या विभागात घालणार आहेत. त्याचं वाईट वाटतंय, पण पत्र त्यासाठी नाही. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. डोक्यात एक गाठ दिसतेय. साधी असेल, नसेलही. तुकडा काढून बघायचाय आणि त्यासाठी भूल द्यावी लागेल. घरचं माणूस बरोबर असल्याशिवाय करत नाहीत. बरोबर कोण येणार, असं डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की थोरली बहीण येईल. तुला न विचारताच तुला बहीण करून बसले. नातवाला सोडून निघणं सोपं नाही, कळतंय मला. पण मला फार भीती वाटतेय, ताई. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी बोलावलंय. येशील ना?

तुझीच,
समोरच्या टेबलावरची