पान पासष्ट ते ऐंशी

३ मार्च, मंगळवार. जेवणाची सुट्टी.
आजपासून सूड. बाकी सगळं बंद. इंग्लिश सुधारणं, पहाटे पळणं, गिटार, सगळं सुडानंतर.
कारण : ताईची कादंबरी आमच्याच बायंडिंगखान्यात आली आहे. हजार प्रती. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. असे बारा फर्मे ओळीनं जुळवले की पुस्तक. एक ते सहा माझ्या टेबलावर, सात ते बारा शेजारच्या मावशींच्या. मी पाचवा फर्मा उचलला, सहज उघडला, आणि आत मी.

४ मार्च
शांत डोक्यानं लिहितो. गोष्ट ग्रीक लोकांची, फार जुनी. नावं उच्चारता येत नाहीत, सोडून देतो. भुलभुलैयात एक बैलतोंड्या राक्षस. हिरो आत जातो, राजाची मुलगी दोरा देते म्हणून जिवंत परत येतो. मग तिला घेऊन पळतो आणि वाटेतल्या बेटावर ती झोपलेली असताना तिला तिथंच टाकून बोटीनं सटकतो. ताईनं हे सगळं त्या मुलीच्या तोंडून सांगितलंय. हल्ली हीच फॅशन आहे. जुन्या गोष्टीत जी बाई कोपऱ्यात उभी होती तिला मधोमध आणून बसवायचं आणि हिरोला धू धू धुवायचं.
पुरावे. हिरोचे केस कुरळे. माझे कुरळे. हिरो शीळ घालतो. मी घालतो. हिरो मुलीचा दिवा उचलून नेतो. मी ताईचा टॉर्च नेला होता. दोन वर्षांपूर्वी, बेटावरूनच. फिरायला गेलो होतो दोघं, वादळात अडकलो. वादळ ओसरल्यावर पहिली बोट सुटली तिनं मी निघालो. ताई झोपली होती. उठवलं नाही, कारण दमलेल्या माणसाची झोप मोडू नये. याला ही बाई ‘पाठीनंच ओळखू येणारा माणूस’ म्हणते! पान एकाहत्तर.
खांद्यांचं वर्णन मात्र जमलंय. पान अडुसष्ट. तीनदा वाचलं.

६ मार्च, रात्र
प्लॅन पक्का. मी पण कादंबरी लिहिणार, हिरोच्या बाजूनं. रोज दहा पानं. पंधरा तारखेला ताईचं प्रकाशन आहे. भर हॉलमध्ये माझी वही तिच्याच प्रकाशकाच्या हातात ठेवायची. ताईचा चेहरा पाहण्यासारखा होईल.
आजची ओळ : ‘मी गेलो, कारण जावं लागलं.’
एकच झाली, पण दम आहे. उरलेली नऊ पानं आणि काही ओळी उद्याच्या दहात धरू.

९ मार्च
बैलतोंड्याबद्दल विचार करत होतो. त्याला झोपताना शिंगं टोचत असणार. कुशीवर वळणार कसा? तीन दिवस यातच गेले, पण हे रिसर्चमध्ये येतं.
मावशींनी विचारलं, की अरे फर्मे जुळवतोयस की परीक्षेला बसलायस. मी म्हटलं, हे पुस्तक माझ्यावर आहे. त्या म्हणाल्या, असेल बाबा, मागं पंपांचा कॅटलॉग आला होता तेव्हाही सातव्या पानावरचा हात तुझाच होता. (होताच तो माझा. फोटोवाल्याला ऐन वेळी हात हवा होता.) मग म्हणाल्या, शेवट तरी वाच, माझ्याकडे आहे, मला रडू आलं. मी म्हटलं, शेवट मला ठाऊक आहे. हिरोचं वाटोळं, दुसरं काय.
मावशींचं नाव सुडाच्या यादीत घालावं का? नको, चहा त्याच पाजतात.

११ मार्च
घात. फोरमन चिठ्ठी घेऊन आला. पहिल्या पाच प्रती लेखिकेच्या. त्यातली एक आधीच काढून ठेवायची, वर ताईच्या अक्षरात ‘बाबांची’. आत चिकटवायला तिनं एक पानही पाठवलंय, हातानं लिहिलेलं.
बाबा वाचणार. पेन्सिल घेऊन, ओळ न ओळ.
गेली दोन वर्षं बाबांचं माझ्याशी बोलणं म्हणजे : बरा आहेस ना, जेवतोस ना, ठेवतो. मुळात ते अबोलच. पण एवढं तरी आहे! एकाहत्तरावं पान वाचलं की हेही जाणार. बाबांनी मला त्या पानावर बघता कामा नये.

१२ मार्च
काम फत्ते. बाबांच्या प्रतीतून पाचवा फर्मा गायब. पासष्ट ते ऐंशी माझ्या शर्टाच्या आत. शिलाई झाली, पुठ्ठा चढला, कुणाला पत्ता नाही. सुडाचा पहिला हप्ता.
खरं तर हजारच्या हजार प्रतींतून काढणार होतो. तीन झाल्यावर पाठ भरून आली. शिवाय समोरच्या इमारतीवर काच बसवत होते. दोरीला लटकून! तीन प्रती निमूटपणे परत जोडल्या.

१५ मार्च, रविवार
हॉलवर पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. माझा दोष नाही. पुलावर क्रेन होती. एवढी मोठी क्रेन जन्मात पाहिली नव्हती, आणि तिनं उचललेला पाइप खाली यायलाच तयार नव्हता. कुणीही थांबलं असतं. बहुतेक लोक थांबले नाहीत, पण ते बघण्यात अर्थ नाही.
वहीत आता अकरा ओळी. सूड सावकाश मुरलेला बरा.

१९ मार्च, गुरुवार
बाबा कारखान्यात.
इस्त्रीचा शर्ट, पिशवीत पुस्तक. फोरमनला सांगत होते, की अहो साहेब, चौसष्टनंतर एकदम एक्याऐंशी येतंय, ती मुलगी बेटावर एकटी पोचली कशी, काही कळेना. मी टेबलाखाली सुतळी शोधायला वाकलो. सुतळी हातातच होती. फोरमननं मलाच हाक मारली.
बाबांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, म्हणजे हे तुझं प्रकाशन क्षेत्र. मी म्हटलं, हो, प्रॉडक्शन साइड. म्हणाले, बरं.
फोरमन म्हणाला, नवी प्रत न्या. बाबा म्हणाले, नको, हिच्यात पोरीचं अक्षर आहे. फोरमन म्हणाला, मग शिलाई उसवून फर्मा घालावा लागेल, दोनतीन दिवस लागतील. बाबा मला म्हणाले, मग तूच घेऊन ये. बावीसला. अकरापर्यंत ये, जेवायला थांब.
जेवायला थांब! दोन वर्षांत पहिल्यांदा.
फाटकापर्यंत सोडायला गेलो. तोंडातून निघूनच गेलं, की बाबा, त्या हिरोवरून गैरसमज नको. बाबा थांबले. म्हणाले, कुठला हिरो? तो तर तिचा आधीचा साहेब, कुरळ्या केसांचा, शीळ घालत फिरायचा तो. तू कुठला हिरो, तू शेवटाला आहेस. बोटीवर.
आणि हसले. मला वाटतं, हसलेच.

२० मार्च
मावशींकडून बारावा फर्मा घेतला. पान एकशे ऐंशी. हिरोच्या म्हाताऱ्या बापानं सांगून ठेवलेलं असतं, की तू जिवंत असलास तर बोटीचं काळं शीड उतरवून पांढरं लाव, मला लांबून कळेल. ते काम एका पोरगेल्या खलाशाकडे. तो मासे उड्या मारताना बघत बसतो. विसरतो. बाप कड्यावरून काळं शीड बघतो, पोरगा गेला समजतो आणि खाली समुद्रात उडी टाकतो.
खलाशाला नाव नाही. वर्णन दीड ओळ. खांदे नाहीतच. पुढं ती बेटावरची मुलगी म्हणते, त्या पोराला कुणी बोलू नका, त्याच्या मनात काही नव्हतं. ‘काही नव्हतं’ म्हणजे काय?
ती फोनची भानगड. वादळानं बेटावरचे फोन बंद होते, म्हणून ताईनं आदल्या रात्री सांगितलं होतं, की किनाऱ्याला आधी पोचशील तू, बाबांना फोन कर, दोघं सुखरूप आहोत म्हण. करणारच होतो. धक्क्यावर एक म्हातारा बोटीच्या फटींत तेलातला कापूस ठोकून बसवत होता. ते बघितलं. मग ठोकायला बसलो. तिसऱ्या दिवशी फोन केला. बाबा तोवर बंदराच्या ऑफिसात आमचे फोटो घेऊन उभे. त्यांचा उजवा हात तेव्हापासून थरथरतो म्हणतात. वयानंही होतं तसं.

२१ मार्च
बाबांची प्रत तयार. शिलाई मी स्वतः केली. मावशी म्हणाल्या, पहिलं सरळ काम. उशाशी ठेवली आहे.

२२ मार्च
पहाटेच उठलो आणि बसल्या बसल्या सुचलं. हिरो गेला खड्ड्यात. खलाशाच्या बाजूनं लिहायचं! हे कुणीच लिहिलेलं नाही. ज्याचे डोळे असे चौफेर, त्याला शिडाचं काम दिलंच कुणी? मासे बघणं हा गुन्हा आहे का? सूड ताईवर, हिरोवर, राजावर, सगळ्या बोटीवर!
चौदा पानं. मागं वळून बघितलं नाही. फोन चारदा वाजला, उचलला नाही. लय तुटते. आत्ता संध्याकाळ झाली, जेवलोही नाही. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

२३ मार्च, सोमवार
मावशींनी विचारलं, काल काय म्हणाले रे वडील?