वाळल्या कुरणातली पूड

३ जून
वहीबाई, उशीर झाला लिहायला, माफ कर. एप्रिलअखेर पावसाळा संपल्यापासून तुला हात लावला नव्हता. कंबर धरली होती, आणि डोकंही ठिकाणावर नव्हतं.

जावई वाल्देसीरने आज ट्रॅक्टर भरून पोती आणली. आत पूड – सोयाची पेंड, मीठ, युरिया. युरिया! मक्याला घालायचं खत ते. आता गुरांना चारायचं म्हणे. कुयाबा शहरातल्या शेतकी शाळेत बसला होता ना, त्याची ही फळं.

५ जून
सगळ्यात चांगलं कुरण त्याने ईस्टरपासून बंद ठेवलंय. गवत कमरेइतकं वाढलं आणि उभ्याउभ्या वाळलं. मला वाटलं, विसरला. नाही – मुद्दाम! मी विचारलं, केरसुण्यांचा कारखाना काढायचाय का? हसला. मग शिकवायला बसला. वाळल्या गवताने पोट भरतं पण ताकद येत नाही, ती पुडीतून येते. गुराच्या पोटात बारीक जीव असतात, त्यांना पूड मिळाली की ते गवत पचवतात. म्हणजे आता पोटातल्या किड्यांना पंगत वाढायची!

माझा बाप ऑगस्टात वाळलेलं कुरण पेटवून द्यायचा. थोड्याच दिवसांत हिरवे कोंब. गुरं त्यावरच वाढली. आम्हीही.

१२ जून
जमीन नावावर करून दिल्यापासून माझी पोरगी अधिकाऱ्यासारखी बोलते. आज जेवताना झेनाइदेने निकाल सांगितला. ऑक्टोबरातल्या पहिल्या पावसापर्यंत गुरांच्या अंगावर मांस टिकलं तर कुरण राहील. नाही टिकलं तर जमीन सोयावाल्या गिल्मारला खंडाने, आणि आपण तिघं शहरात.

शहरात मी काय करू? खिडकीत बसून मोटारी बघू? पलीकडच्या शेतात गिल्मारने आधी झाडं पाडली, मग कुंपण काढलं, मग घरसुद्धा नांगरून टाकलं. चूल होती तिथे आता सोया पेरतो.

आणि आमचं सगळं त्या पुडीच्या भरवशावर! झोप लागत नाही.

२ जुलै
खातात. मिठासाठी खातात, दुसरं काय. दांडगा खोंड बाकीच्यांना ढुशा देऊन एकटाच गव्हाणीवर उभा राहतो. म्हणून वाल्देसीरने लांब दुसरी गव्हाण मांडली – दुबळ्यांनाही वाटा मिळावा. गुरांत समाजवाद!

२० जुलै
वशिंडं अजून ताठ आहेत. बरगड्या दिसत नाहीत. यंदा पाऊस उशिरापर्यंत होता, त्याचा गुण. पुडीचा नाही.

९ ऑगस्ट
शेजारचा ओझोरियो आला. कुंपणाला टेकून शिंगाच्या पेल्यातून तेरेरेचा गार काढा ओढत बसला. म्हणाला, "काय हो, तुमची गुरं केर काढायला ठेवलीत की चरायला? तुमच्या बापाने बघितलं असतं तर कमरेचा पट्टा काढला असता."

दिवसभर अन्न गेलं नाही. गिल्मार हल्ली रस्त्यात गाडी थांबवून आमच्या कुरणाकडे बघत बसतो. पिवळं दिसतं ना, म्हणून. हिरवं दिसलं तर तोंड फिरवील. माझ्याशिवाय कुणाला हे सुचत नाही.

१४ ऑगस्ट
वाल्देसीर शहरात गेला होता. वारा पडलेला. फक्त ओढ्याकडचा कोपरा पेटवायचा होता.

वारा उठला.

१५ ऑगस्ट
सगळं गेलं. कुंपणाचे खांबसुद्धा. गुरं फाटकाशी होती म्हणून वाचली. लोक म्हणतात, ट्रकवाल्याची सिगारेट. असेलही. टाकतातच लोक.

येऊ देत कोंब. मग कळेल या पोरांना.

२७ ऑगस्ट
कोंब आले. नखाएवढे. गुरं दिवसभर त्यांच्यामागे हिंडतात. खातात थोडं, चालतात फार. बरगड्या दिसायला लागल्या. पूर्वी कोंब मोठे यायचे. जमीनच बिघडवली असेल याने.

३० ऑगस्ट
एक कालवड गेली. भुकेने गव्हाणीवर तुटून पडली होती. अंग थरथरायला लागलं, पोट फुगलं, तोंडाला फेस. वाल्देसीर बाटलीने तिच्या घशात व्हिनेगर ओतत होता – युरियावर उतारा म्हणे – मी डोकं धरलं. उपयोग झाला नाही.

मी म्हणालो, विष ते विषच.

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "बाबा, सोबत गवत असतं तर हीच पूड अन्न होती. गवतच नाही, म्हणून पुडीनेच पोट भरायला बघतायत." आणि खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. "ओढ्याच्या काठी सापडला."

माझा लायटर.

लगेच वळला. गव्हाणी रिकाम्या केल्या, पोती खोलीत टाकली, कुलूप लावलं. बोलला असता तर मीही बोललो असतो. गप्प बसणाऱ्याशी भांडायचं कसं?

४ सप्टेंबर
वाल्देसीर गुरं घेऊन निघाला. नदीपलीकडे त्याच्या मावशीचं कुरण आहे – वाळलेलं, पण उभं. रस्त्याच्या कडेने हाकत नेणार. मागच्या गाडीत पोतीही भरली. तिकडे फोन लागत नाही.

तो घोड्यावर बसला तेव्हा झेनाइदे घरातून बाहेर आली नाही. चुलीवरचं टाकून कशी येणार?

पळाला शेवटी. शाळेतला गुराखी!

१९ सप्टेंबर
गिल्मार खंडाचे कागद घेऊन आला. झेनाइदेने पेन उचललं. म्हणाली, गुरंही गेली, माणूसही गेला, आता राखायचं काय? मी म्हणालो, थांब. आग मी लावली होती.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "वाल्देसीर म्हणाला, शहरात निघताना त्याच्याच हातून ओढ्याकाठी विस्तव राहिला. म्हणून मी त्याला सांगितलं, परत येऊ नकोस."

गिल्मारला परत पाठवलं. ती फाटकाशी उभी आहे, आत येत नाही.

वाल्देसीर, गुरं खातायत का? कुणाच्याही हाती निरोप पाठव. लवकर पाठव, पोरा.