सामना संपेपर्यंत

५ सप्टेंबर

पेनल्टी नव्हतीच. आजही सांगतो, उद्याही सांगेन. मी कुंपणावरून उडी मारून मैदानात गेलो ते पंचांना एवढंच सांगायला, की साहेब, डोळे तपासून घ्या. हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्यापायी वर्षभर कुठल्याही स्टेडियमात पाऊल टाकायचं नाही! तेही एक वेळ गिळलं. पण देशाचा सामना असला की पोलीस चौकीत येऊन बसायचं, सामना संपून लोक घरी जाईपर्यंत. फोन त्यांच्याकडे. पासपोर्ट तर आधीच जमा, म्हणजे मी परदेशात जाऊन तिकडच्या पंचांचे डोळे तपासायला नकोत.

आज पहिली हजेरी. चौकीच्या मागे बेवारस सामानाची खोली आहे. छत्र्या, एक हेल्मेट, लहान मुलांच्या सायकली, आणि मी. ड्यूटीवरच्या हवालदारबाई म्हणाल्या, "बसा. पाणी लागलं तर हाक मारा. स्कोअर विचारू नका." स्टेडियम दोन गल्ल्या पलीकडे. आवाज सगळा येतो. गोल झाला की चेंडू खांबाला लागला, हे मला गर्जनेवरून कळतं, पण कोणी मारला ते कसं कळणार? जीव नुसता वर-खाली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना रोज दाराबाहेरून सांगतो — शांत बसा, दाराला लाथा मारू नका. आज माझाच पाय शिवशिवत होता.

६ सप्टेंबर

ही म्हणते, पुढच्या वेळी पुस्तक घेऊन जा. मी आणि पुस्तक! दुसऱ्या पानावर माझा डोळा लागतो.

"मग ऐका तरी," म्हणाली. ही अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते. आमच्या बेडरूममधल्या कपाटात रजया टांगल्या आहेत, आत शिरून दार लावून घेते. मी आजवर एकही ऐकलेलं नाही. तिने एक छोटा प्लेअर दिला, नेट नाही, फोन नाही, चौकीत चालेल असा. वर टोमणा — "घरी वीस वर्षं ऐकलं नाहीत, आता चौकीत ऐका."

९ सप्टेंबर

दुसरी हजेरी. एका घड्याळजीचा खून झालाय आणि घरातले सगळे साळसूदपणे चहा पितायत. माझा संशय पहिल्यापासून भाच्यावर. तो मागच्या दाराने सटकायला लागला तसा मी ओरडलो, "अरे पकडा त्याला!" हवालदारबाई काठी घेऊन धावत आल्या. "कोणाला?" काय सांगणार, कपाळ! प्लेअर दाखवला. त्यांनी डोक्याला हात लावला, आणि जाताना दारातून विचारलं, "खून कोणाचा झालाय?"

हिचा आवाज चांगला आहे. घरी असा लागत नाही.

१८ सप्टेंबर

पोरीची देशाच्या संघात निवड झाली!! गोलकीपर म्हणून! क्लबात तिला सगळ्या 'भिंत' म्हणतात. सात वर्षांची असल्यापासून प्रत्येक सामन्याला मी तिच्या गोलच्या मागे उभा. डावीकडे सरक, पुढे ये, झोपलीस काय! घसा बसायचा, दुसऱ्या दिवशी कामावर खुणांनी बोलायचो. आणि नशीब बघा, मी बाहेर बसलेलो असताना, याच मोसमात निवड. बिचारी एकटीच लढली.

पहिला सामना परदेशात, मग नोव्हेंबरात इथेच. इथेच! दोन गल्ल्या पलीकडे.

२० सप्टेंबर

हुकूम नीट वाचला. 'देशाचा कोणताही संघ' असं लिहिलंय. म्हणजे पोरगी खेळणार आणि बाप छत्र्यांत बसणार. वकील म्हणाला, बघू. त्याचं 'बघू' मला माहीत आहे. मीही लिफ्टमध्ये अडकलेल्यांना तेच सांगतो.

हवालदारबाई म्हणाल्या, अर्ज करा. चांगल्या वागणुकीचं मी माझ्याकडून लिहून देते. केला.

१० ऑक्टोबर

पोरीचा पहिला सामना. परदेशात, त्यामुळे आज खिडकीतून गर्जनासुद्धा नाही. बाहेर कोणीतरी स्कूटर पुसत होतं. पुस्तक लावलं, एक शब्द कानात शिरेना. आत्ता कॉर्नर असेल. आत्ता ती हातमोज्यांवर थुंकली असेल. मी असतो तर सांगितलं असतं, दुसऱ्या खांबाकडे बघ. कोण सांगतंय तिला तिथे?

शेवटी हवालदारबाई दारात आल्या. "स्कोअर सांगायची परवानगी नाही. पण तुमची भिंत पडली नाही."

एकही गोल नाही! बेवारस सायकलींच्या मध्ये बसून रडलो. इतक्या वर्षांची माझी शिकवण, दुसरं काय!

१४ ऑक्टोबर

पुरुषांचा सामना, हजेरी. घड्याळजी संपला (भाचा नव्हता, धाकटी बहीण निघाली. मला पटलेलं नाही). हिने सकाळी घाईत नवीन पुस्तक भरून दिलं. म्हणजे जुनंच, पण चुकीची फाईल. न कापलेली. ही वाचताना अडखळली की थांबते, "पुन्हा घेते" म्हणते आणि तेच वाक्य परत. नंतर कापतात म्हणे.

थोडा वेळ गंमत वाटली. मग एका वाक्याच्या मध्येच मागून पुरुषाचा आवाज, "उभा काय राहिलास, खांबा!" मला वाटलं चौकीत कोणीतरी ओरडलं. कानातलं काढलं. चौकी शांत. परत लावलं. ही म्हणाली, "पुन्हा घेते." वाक्य सुरू केलं. "मार ना, गाढवा! मार!" आणि काहीतरी आदळल्याचा आवाज. "पुन्हा घेते." तिसऱ्यांदा नुसता तिचा श्वास येत राहिला.

मीच तो. हॉलमध्ये, टीव्हीसमोर. कपाटाचं दार आणि एवढ्या रजया ओलांडून.

मग अगदी जवळून बारीक आवाज आला. पोरीचा, तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल.

"आई, बाबांचं संपलं?"

"नाही गं. मध्यंतर झालंय फक्त."

"मग मी इथेच बसते."

"बस. पाय आवळून घे."

थोड्या वेळाने, "उद्या माझ्या मॅचला येणार का ते?"

"येतील."

पोरीने रजई ओढून घेतल्याची सळसळ झाली. मग हिने तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं, जराही न चिडता. बाहेर स्टेडियमात मोठी गर्जना झाली. गोलच असावा. माझं लक्ष नव्हतं.

१५ ऑक्टोबर

ही कामाला गेल्यावर कपाट उघडून पाहिलं. दोघी मावतात, पण अवघडून.

८ नोव्हेंबर

बंदी उठली! हवालदारबाईंचा शब्द कामी आला. पासपोर्टही परत. आमच्या समर्थकांच्या ग्रुपमधला ढोलवाला फोनवर नाचायचा बाकी होता, म्हणतो, गोलच्या मागची जागा तुझीच.

रात्रीची भांडी चालली होती तेव्हा पोरीला सांगितलं. "अरे वा," म्हणाली, आणि तीच थाळी पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबा, राग येणार नसेल तर एक बोलू?"

बोल म्हटलं.

"चेंडू कुठे येणार ते मला समोरचीच्या बुटाच्या आवाजावरून कळतं. या वर्षी कळायला लागलं. तुम्ही असलात की मला फक्त तुम्ही ऐकू येता."

"मग गप्प बसेन."

ती हसली. कुचकटपणे नाही, खरंच हसू आलं तिला. "तुम्ही?" ही नळाकडे तोंड करून उभी होती, तिचेही खांदे हलत होते.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? बारा वर्षं उन्हातान्हात उभा राहिलो, घसा फाडला, आणि पोरीने आज मला हे ऐकवावं! "एवढं जड होत होतं तर आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणालो. बरंच मोठ्याने म्हणालो असणार. पोरीने थाळी ठेवली आणि आईकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. कपाटाकडे जायचं का, असं ते पाहणं होतं.

मग ती म्हणाली, "तुम्हाला यायचं असेल तर या, बाबा. मी नाही कशी म्हणू?"

९ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये एक म्हातारे अडकले होते. त्यांना शांत बसा म्हणायची लाज वाटली.

१२ नोव्हेंबर

गप्प बसून दाखवतोच म्हटलं. टीव्हीवर सामना लावला, तोही कुठल्या तरी दोन परक्या देशांचा, ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. तोंडावर उशी धरून बसलो. पहिल्याच कॉर्नरला उशी भिंतीवर. हिने कपाटातून बाहेर येऊन हॉलमध्ये डोकावून पाहिलं आणि परत आत जाऊन दार लावून घेतलं.

मला येत नाही. माझ्याने होत नाही, हे खरं आहे. मी जाईन, शपथ घेऊन जाईन, आणि पहिला चेंडू आला की माझं तोंड उघडेल. आणि तिला बूट ऐकू येणार नाही.

१४ नोव्हेंबर

पोरगी संघाबरोबर हॉटेलवर राहायला गेली. निघताना पाया पडली. "येताय ना?" म्हणाली. "बघू," म्हटलं.

१५ नोव्हेंबर

हवालदारबाई म्हणाल्या, "अहो, तुमची हजेरी संपली. आज लेकीचा सामना ना?" म्हटलं, म्हणूनच आलो. फोन मीच काढून टेबलावर ठेवला. छत्र्या सरकवून बसलो आणि म्हटलं, दार तेवढं बाहेरून लावून घ्या.