बरडावरची भट्टी

आमच्या लाखनीच्या घरी मांसमासळी आतल्या चुलीवर चढत नसे. परसात तीन दगड मांडून पुरुषमाणसे भाजत, आणि आम्ही सुना आत मसाला वाटून खिडकीतून बाहेर देत असू. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझे यजमान सेवकराम निखाऱ्यांवर मरळ भाजत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, एक तुकडा पळसाच्या पानात गुंडाळला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. म्हणाले, "खाय लवकर, दादा येऊन राहिला." पान गरम होते, बोटे पोळली, मी उभ्याउभ्याच खाल्ले. त्या दिवसाचे विशेष काही नव्हते. तरी मालमत्तेची मोजदाद करायला बसले की सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते, कारण पुढे जे काही मिळवले ते त्या खिडकीच्या बाहेर जाऊन मिळवले.

तर मी, निर्मला सेवकराम लांजेवार, वय ५८ वर्षे, धंदा भोजनालय, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोळ्यांना चष्मा आहे आणि गुडघे कुरकुरतात, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मी दाबाखाली येणारी असते तर माझी सडकेवरची भट्टी केव्हाच बुजली असती. याआधी मी असा कागद केलेला नाही.

१. हा कागद करण्याचे कारण. मला मूलबाळ नाही. मी काही न लिहिता गेले तर माझे सर्व काही यजमानांच्या वारसांकडे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, माझे भासरे श्री. जागेश्वर लांजेवार यांच्याकडे जाईल, असे वकिलांनी समजावले. भाऊजींनी मला तोंडावर सांगितलेले आहे, "तुह्या मागं ते भट्टी बुजवतो अन् तिथं धानाचं गोदाम बांधतो." ते बोलल्याप्रमाणे करणारे गृहस्थ आहेत. म्हणून मीही लिहिल्याप्रमाणे करणार आहे.

२. जमीन. सन १९७० च्या वाटणीत तळ्याखालची सगळी धानाची जमीन भाऊजींनी ठेवली आणि सडकेला लागून असलेला बरडाचा तुकडा आम्हाला दिला. नुसता मुरूम, गवतसुद्धा नीट येत नसे. ते यजमानांना म्हणाले, "सेवक, ढोरं बांधजो तिथं." यात त्यांची लबाडी होती असे मी आता म्हणत नाही. आमच्या धानकरी घरांत जिथे पाणी पोचते तीच जमीन, बाकी सगळी माती. त्या बरडासमोरून रायपूर-नागपूरचे ट्रक दिवसभर जात होते, ते कोणीच जमिनीच्या हिशेबात धरले नाहीत. यजमानांनीही नाही, मीही नाही.

यजमान १९७३ मध्ये गेले. बरडाच्या कोपऱ्यावर पळसाखाली ढिवरवाड्यातली, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतली, रुखमिणी टोपलीत मासे घेऊन बसत असे. तीही विधवा. एका दुपारी मी यजमानांच्या सळया आणि चिमटा घेऊन तिथे गेले आणि आम्ही दोघींनी तीन दगड मांडले. पहिल्या दिवसाचे मासे आम्ही कोळसा करून टाकले. दुसऱ्या दिवशी एक सरदारजी ट्रक थांबवून उतरले, दोन मासे खाल्ले आणि विचारले, "मर्द कहाँ है?" रुखमिणी म्हणाली, "वाट पाहून राहिले काय त्याची? पाणी घ्या, हात धुवा." त्यांनी मुकाट्याने हात धुतले. परतीच्या फेरीला त्यांनी ट्रकच्या भंगारातून जोडून घेतलेली लोखंडी जाळी आणली. तीच आजही भट्टीवर आहे.

हात धुतल्याशिवाय ताट नाही, हा नियम माझा. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी तो माझ्या अंगात मुरवला. टेबल पुसताना कोपरे आधी पुसायचे, हेही त्यांचेच. आज देवाच्या कृपेने आठ टेबले आहेत आणि बत्तीस कोपरे स्वच्छ आहेत.

वर्षभरातच भाऊजी गावात म्हणू लागले, "लांजेवाराची सून ढिवरनीसंगं सडकेवर मासे भाजून राहिली. नाक कापलं आमचं." ते रस्त्याने गेले की मान पलीकडच्या शेताकडे वळवत. बारा वर्षे त्यांनी ती मान तशीच धरली. मानेला उसण कशी भरली नाही, देव जाणे.

मग गेल्या वर्षी माघात त्यांच्या धाकट्या मुलीला पाहायला गोंदियाची मंडळी आली. वाटेत जेवायला ती आमच्याकडेच थांबली. कोण कुठले मला ठाऊक नव्हते. मुलाचे वडील भट्टीजवळ आले, जाळी पाहिली, कोपरे पाहिले, आणि नाव विचारले. मी सांगितले.

"लांजेवार? म्हणजे जागेश्वररावांच्या कोण?"

"भावजय."

ते आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, "ज्या घरची बाई एवढं सांभाळते, त्या घरची पोरगी पाहायची कायले? पसंत आहे."

ती मंडळी लाखनीला जाऊन हेच बोलली. तासाभरात भाऊजी स्वतः भट्टीवर आले. बाजेवर बसले. रुखमिणीने ताट दिले. त्यांनी शेवटच्या काट्यापर्यंत सगळे संपवले, ढेकर दिला, आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

मीठ बरोबर होते. मी हे मृत्युपत्रात नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. माझी मिठाची चिनी मातीची बरणी मी भाऊजींना देते. त्यांनी ती जेवताना जवळ ठेवावी. या बरणीबरोबर आमचे जुने सर्व हिशेब मिटले असे मी मनापासून समजते.

३. लाखनीच्या घरातील माझ्या वाट्याच्या दोन खोल्या मी पुतण्या घनश्याम जागेश्वर लांजेवार याला देते. तो गुणी आहे. सडकेवरून जाताना त्याने कधी मान वळवली नाही, उलट सायकल थांबवून "काकू, उरलं काय?" म्हणून विचारत असे.

४. सडकेचा बरड, त्यावरील भट्टी, छप्पर, विहीर, टेबले, बाजा, जाळी, सळया, चिमटा आणि धंद्याचे सर्व नाव व हक्क. हे सर्व मी रुखमिणी हिला देते. हे तिला बक्षीस नाही. पहिल्या दगडापासून निम्मे तिचेच होते. कागदावर फक्त माझे नाव होते, ते मी आता काढून घेते.

तिला हे सांगितले तेव्हा ती भट्टीपासून उठली. "मले नोको बाई जागा. तुमच्या मागं मले इथं उभी राहू देतीन काय हे लोक?"

"काहून नाही देणार?"

"तुम्ही हाय तोवर मी रुखमिणी. तुम्ही गेल्यावर मी ढिवरीन."

वकीलही म्हणाले, "नातलग कोर्टात जातील. रुखमिणीने म्हातारीला फितवले असे म्हणतील. घरातलेच कोणी साक्षीला उभे राहिले तर त्यांचे तोंड बंद होईल. पण घरातले कोण येणार?" माझे सगळे आयुष्य त्या एका सहीवर येऊन अडले होते.

गेल्या गुरुवारी भर दुपारी माझ्या जाऊबाई सौ. मनकर्णाबाई, म्हणजे भाऊजींच्याच पत्नी, पायी चालत भट्टीवर आल्या. डोक्यावर पदर, हातात छत्री. त्या बाजेवर बसल्या.

"निर्मला, कागद करून राहिली म्हणे?"

"हो बाई."

"आमच्या घरच्याच्या नावानं काय हाय त्यात?"

"मिठाची बरणी."

त्या इतक्या हसल्या की छत्री खाली पडली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "अन् साक्षीदार?"

"एक लक्ष्मणराव मास्तर. दुसरा मिळत नाही. साक्षीदाराने कागदातून काही घेऊ नये म्हणतात वकील, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही."

"मले काय घ्याचं हाय? मीच करन सही. प्रौढांच्या वर्गात शिकलो ना नाव लिव्हाले, ते कधी कामी येईन?"

"भाऊजी काय म्हणतील?"

"काय म्हनतीन? मीठ कमी हाय म्हनतीन." मग त्या रुखमिणीकडे पाहत राहिल्या. "चाळीस वर्षं त्या घरात सगळ्यायच्या मागून थंड खाल्लो. पोरीच्या सोयरिकीनंतर एकदा इथं आलो, तर ह्या बाईनं भट्टीवरून उतरवलेलं पहिलं मले देल्लं. आता इले कोण ढिवरीन म्हनते ते मी पाहतो."

रुखमिणीने जाळीवरचा मासा उलटला. तेव्हापासून तिने "नोको" म्हटलेले नाही.

५. पोस्टातील माझी सर्व बचत भोजनालयाच्या मागे बायकांसाठी स्वतंत्र न्हाणी व संडास बांधण्यास खर्च करावी, दाराला आतून कडी असावी आणि विहिरीवरून नळ आणावा. प्रवासात बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण उतरायला जागा नसते. हे मी तेरा वर्षे पाहत आले आहे. बांधकाम लक्ष्मणरावांनी पाहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

६. माझी पुस्तके व सिस्टरांनी दिलेली भरतकामाची पेटी घनश्यामच्या होणाऱ्या बायकोला द्यावी. दोन सोन्याच्या बांगड्या रुखमिणीला. तिने त्या मोडू नयेत, हातात घालून भट्टीवर बसावे.

७. पाटी. भाऊजींनी आडनाव लावायला मनाई केली होती म्हणून आमच्या पाटीवर इतकी वर्षे नुसते 'भोजनालय' आहे. सोयरिकीनंतर त्यांनी 'लांजेवार' लिहायला पेंटर पाठवला. मी त्याला जेवू घालून परत पाठवला. माझ्यामागे पाटीवर 'रुखमिणीची भट्टी' असे लिहावे. अक्षरे धावत्या ट्रकमधून वाचता येतील एवढी मोठी काढावीत.

८. मनकर्णाबाई साक्षीदार असल्याने त्यांना मी यातून काही देत नाही. परंतु वकिलांना विचारून घेतले आहे. भट्टीवरून उतरलेले गरम ताट मालमत्तेत मोडत नाही. म्हणून त्या जेव्हा येतील तेव्हा, कोणीही पाहुणा किंवा पुरुष बसलेला असला तरी, पहिले ताट त्यांना द्यावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले. ते माझेच आहे आणि मला मान्य आहे.

स्थळ : लाखनी, जिल्हा भंडारा
दिनांक : ९ मार्च १९८७

सही : निर्मला सेवकराम लांजेवार

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर सही केली :

१. लक्ष्मणराव निंबार्ते, निवृत्त शिक्षक, लाखनी
२. मनकर्णाबाई जागेश्वर लांजेवार, नात्याने जाऊ (सही स्वतःच्या हाताने, अंगठा नाही)