नऊ तास गप्प

दि. ९ मे

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. मनात सध्या एकही नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तेही एका परीने बरंच. फोनवर मी ओरडले असते आणि ते आईने ऐकलं असतं. या घराच्या भिंती पातळ आहेत आणि आईचे कान अजून शाबूत आहेत.

भर डब्यात माझी अब्रू घालवून तुला काय मिळालं तेवढं सांग. वर्षभर लोकांच्या पोरांचे गणवेश शिवून मी चार दिवसांची सुट्टी जमवली. परवडते म्हणून पॅसेंजर. दर स्टेशनावर थांबत, लाकडी बाकावर पाठ मोडून घेत जायचं, पण आईला आणि बबडीला समुद्र दाखवायचा. टीसीने बबडीचं वय विचारलं, मी चार सांगितलं. पोरगी शिकवल्याप्रमाणे शहाण्यासारखी गप्प बसली होती. तो पुढच्या बाकाकडे वळलासुद्धा होता. आणि तू, तिची सख्खी मावशी, त्याला हाक मारून बोलावतेस आणि सांगतेस की मुलगी साडेसहा वर्षांची आहे, पहिली पास झाली आहे, काय दंड असेल तो घ्या.

समोरच्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आई खाली मान घालून बसली ती उतरेपर्यंत. दंडात पैसे गेले आणि सुट्टीचे चारचे तीन दिवस झाले ते वेगळंच. दिवसभर लोकांना सुया टोचून रक्त काढायचं तुझं काम आहे, पण सुट्टीत तरी घरच्यांना सोडायचंस.

लहान मूल सगळेच असं नेतात. बाबांनी तुला आठ वर्षांची होईपर्यंत फुकट नेलं, तेव्हा कुणाचं काय बिघडलं? तुला मुकी केली होती ते आठवून आपण अजून हसतो. पुढच्या सुट्टीत आई, बबडी आणि मी, तिघीच जाणार. बबडी चारचीच असेल. तू येऊ नकोस.

लोभ किती उरलाय ते तुझं उत्तर आल्यावर बघू.

ताई

०

दि. १५ मे

ती. ताईस,

नमस्कार. वाकून केलेला नाही, उभ्याउभ्याच समज.

आपण अजून हसतो असं लिहिलंयस. आपण म्हणजे कोण? मी कधी हसले ते सांग. माझ्या होणाऱ्या सासूला तू पहिल्याच भेटीत ती गोष्ट ऐकवलीस. आमच्या लॅबमधली मैत्रीण तुझ्याकडे ब्लाउज शिवायला आली, तर माप घेता घेता तिलाही. साभिनय सांगतेस, आणि लोक पोट धरून हसतात. मी चहाचे कप उचलायला आत जाते. इतक्या वर्षांत तुझ्या हे लक्षात आलं नाही, म्हणून आज एकदा मीच सांगते.

मी आठ वर्षांची होते, तिसरी पास. पुढचे दोन दात नवे आलेले. तोंड उघडलं की वय कळणार, म्हणून टीसी दिसल्यावर बाबांनी मला चिमटा काढला आणि त्याला सांगितलं की हिला बोलता येत नाही. तो बिचारा भला माणूस निघाला. आपल्याच बाकावर टेकला आणि अशा मुलांची एक शाळा आहे, त्याच्या मेहुणीची मुलगी तिथे जाते, असं समजावत बसला. डबे तपासून झाले की पुन्हा आपल्याकडेच. येणारी-जाणारी बाई माझ्या तोंडावरून हात फिरवायची आणि उसासा टाकायची. हे नऊ तास चाललं होतं, ताई.

दुपारी मला लघवीला लागली. टीसी समोर, बाबा समोर, बोलायचं नाही. मी तुझी बाही ओढली. तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. दुसऱ्यांदा ओढली, तिसऱ्यांदा ओढली, तेव्हा तू माझा हात झटकलास. मग बाकावर जे झालं ते तू फार रंगवून सांगतेस.

परवा बबडीचे ओठ बघितले. आवळून पांढरे पडले होते. मला गप्प बसवेना. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा बोलेन.

आता माझी अट ऐक. बबडीचं तिकीट काढायचं आणि तिला तिचं वय सांगू द्यायचं. नाहीतर मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही, आई तिथे असली तरी. बाबांचं मी समजू शकते, त्यांच्याकडे खरंच पैसे नव्हते. पण तू का उठली नाहीस? तुला काय झालं होतं मला हात धरून न्यायला?

उत्तर आलं तर लोभ आहे असं समजेन.

धाकटी

०

दि. २४ मे

चि. धाकटीस,

आशीर्वाद. या वेळी मनापासून आहेत, पण राग गेलेला नाही. दोन्ही एकत्र पोचतील.

तुझं पत्र आल्यापासून शिवण उसवतेय आणि पुन्हा घालतेय. विचारलं आहेस तर सांगते.

बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असायचं. तू आठाची चार झाली होतीस, तशी मी चौदाची अकरा. तुझ्याकडेच सगळ्यांचं लक्ष, त्यामुळे तुला ते कधी कळलं नसेल. आईने मला दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक घातला होता. काखेत काचत होता. दोन वेण्या, वर रिबिनी.

गाडी सुटून तास झाला नसेल, मला पाळी आली. पहिलीच. काय झालं ते मला कळेना. आईच्या कानात सांगितलं. आई म्हणाली, जागची हलू नकोस, उठलीस तर फ्रॉक दिसेल, टीसीला कळेल की ही अकराची नाही. बाबांचं वर्तमानपत्र घडी करून तिने माझ्या खाली सारलं आणि मला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं. तू बाही ओढत होतीस तेव्हा मी त्या कागदावर बसले होते. तुझा हात झटकला, कारण तू ओढलंस की मी हलायची.

उतरलो तेव्हा तुझा ओला फ्रॉक बघून सगळे हसत होते आणि तू रडत होतीस. आई माझ्या पाठीला चिकटून चालत होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. तेव्हापासून ती गोष्ट सांगते. तुझी सांगून झाली की त्या प्रवासाबद्दल कुणी पुढे काही विचारत नाही.

आईला यातलं काही विचारू नकोस. रोज सकाळी तिचा चहा करताना माझ्या तोंडाशी येतं आणि मी गिळते. तिचा मला किती राग येतो हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

परवाही दंडापेक्षा दुसरंच काही लागलं होतं मला. तू बबडीसाठी बोललीस याचा राग आला. माझ्यासाठी कुणी बोललं नव्हतं. कुणी बोललं असतं तर तूच बोलली असतीस, आणि तुलाच आम्ही मुकी करून बसवलं होतं.

पुढच्या सुट्टीचं बबडीचं तिकीट काढते आहे. तुझंही काढू का, ते कळव.

तुझी, अजून रागातच असलेली,

ताई